डेव्हीचा दिवा: जीव वाचवायला आला, मग मृत्यू का वाढले?

हा भाग ऐकण्याऐवजी वाचताय म्हणजे तुम्ही एकतर ऑफिसमध्ये आहात, नाहीतर इअरफोन घरी विसरलाय. हरकत नाही. बोललो तसंच उतरवलंय, फक्त अडखळलो ते काढून टाकलंय.

माझ्या मामाच्या घरी, चंद्रपूरला, टीव्हीशेजारच्या शोकेसमध्ये एक दिवा आहे. वीतभरापेक्षा जरा उंच, पितळी बूड, मध्ये जाड काच, वर लोखंडी टोप आणि धरायला आकडा. लहानपणी मला वाटायचं की मामा खाणीत जायचा तेव्हा याच्याच उजेडात काम करायचा. मामा कोळशाच्या भूमिगत खाणीत माइनिंग सरदार होता. म्हणजे खाणीचा एक भाग त्याच्या ताब्यात. पाळी सुरू होण्याआधी तिथे जाऊन छत बघायचं, हवा बघायची आणि मगच माणसांना आत सोडायचं. एकदा मी विचारलं, "मामा, एवढ्याशा उजेडात दिसायचं काय?" तो हसला. म्हणाला, "हा उजेडासाठी नाही रे बाप्पा. हा गॅस पाहाले आहे. उजेडासाठी डोक्यावर बॅटरीचा लाइट असते."

उजेड न देणारा दिवा! हे डोक्यात बसलं. मग मागच्या महिन्यात वाचायला बसलो आणि कळलं की हा दिवा खरंच उजेडासाठी जन्मला होता. दोनशे वर्षांपूर्वी, इंग्लंडच्या ईशान्य कोपऱ्यात, न्यूकॅसलच्या आसपास. ज्यांनी तो बनवला त्यांना खाणीतले स्फोट थांबवायचे होते. पुढे जे झालं, ते मला आपल्या धंद्यातल्या प्रत्येक माणसाने ऐकावं असं वाटतं. आपला धंदा म्हणजे सॉफ्टवेअर. पण त्याकडे नंतर येऊ.

आधी प्रॉब्लेम काय होता ते बघू. कोळशाच्या थरात मिथेन वायू अडकलेला असतो. कोळसा फोडला की तो बाहेर येतो, कधी हळूहळू झिरपत, तर कधी एखाद्या भेगेतून कुकरच्या शिटीसारखा आवाज करत. त्याला रंग नाही, वास नाही. हवेपेक्षा हलका, म्हणून छताला जाऊन बसतो. हवेत त्याचं प्रमाण साधारण ५ ते १५ टक्क्यांच्या मध्ये असलं की एक ठिणगी पुरते. आणि त्या काळी खाणीत उजेड कशाचा? मेणबत्तीचा. उघडी ज्योत घेऊन माणसं गॅसमध्ये काम करत होती.

यावर लोकांनी काय काय उपाय केले ते ऐका. काही खाणींत एक माणूस ओले कपडे अंगावर गुंडाळून, जमिनीवर सरपटत पुढे जायचा. त्याच्या हातात लांब काठी, काठीच्या टोकाला पेटती मेणबत्ती. साठलेला गॅस मुद्दाम पेटवून द्यायचा, म्हणजे बाकीच्यांना मोकळं काम करता येईल. हे त्याचं रोजचं काम, बरं का. फ्रान्समध्ये अशा माणसाला 'प्रायश्चित्त घेणारा' अशा अर्थाच्या नावाने ओळखायचे, कारण ओल्या अंगरख्यात तो तसाच दिसायचा. टाइनच्या खाणींत तर सुकवलेल्या माशांच्या कातडीच्या अंधुक चमकेवर काम केल्याच्या नोंदी आहेत.

व्हाइटहेवनच्या खाणींचा व्यवस्थापक कार्लाइल स्पेडिंग याने एक यंत्र काढलं. पोलादाची चकती, तिला दातेरी चाकांची जोडणी, आणि चकतीवर टेकवलेली गारगोटी. एक पोरगा हँडल फिरवत बसायचा आणि उडणाऱ्या ठिणग्यांच्या उजेडात दुसरा माणूस कोळसा फोडायचा. समज असा की या ठिणग्या गॅस पेटवण्याइतक्या गरम नसतात. असतात. या यंत्रामुळेही स्फोट झाले. आणि स्पेडिंग स्वतः १७५५ मध्ये खाणीतल्या गॅसच्या स्फोटातच गेला.

अशा दुर्घटनांचा फारसा बोभाटा होत नसे. न्यूकॅसलच्या एका वर्तमानपत्राने १७६७ मध्ये चक्क छापलं होतं की अशा घटनांची विशेष दखल घेऊ नका अशी आम्हाला विनंती करण्यात आली आहे. कोणी विनंती केली असेल ते तुम्हीच ओळखा.

हे बदललं फेलिंग या गावामुळे. न्यूकॅसलच्या समोर, टाइन नदीच्या दक्षिणेला. २५ मे १८१२, सकाळचे साडेअकरा. पाळी बदलण्याची वेळ. खाणीत १२१ जण होते. स्फोट झाला, आणि शाफ्टच्या तोंडातून कोळशाच्या धुळीचा एवढा लोट आला की शेजारच्या हेवर्थ गावात भर सकाळी संध्याकाळसारखा अंधार झाला. ९२ जण मेले. त्यात कितीतरी लहान मुलं. मुलं कशाला, तर खाणीत हवा वळवण्यासाठी जागोजागी दारं असायची. कोळशाची गाडी आली की दार उघडायचं, गेली की लावायचं, यासाठी आठ-दहा वर्षांची पोरं अंधारात एकटी बसवलेली असायची.

आत आग लागलेली होती. ती विझवायला खाणीची तोंडंच बंद केली गेली. वर उभ्या असलेल्या बायकांना, आयांना काय वाटलं असेल? आत कोणी जिवंत असेल तर? जुलैत खाण उघडली आणि सप्टेंबरपर्यंत मृतदेह काढण्याचं काम चाललं. ओळख पटायची ती कपड्यांवरून, बुटांवरून.

या लोकांना पुरलं ते जॉन हॉजसन नावाच्या पाद्रीने. त्याने एक गोष्ट केली जी मालकांना आवडणारी नव्हती. त्याने सगळं लिहून छापलं. खाणीचा नकाशा, हवा कशी फिरायची, स्फोट कसा झाला, मेलेल्या प्रत्येकाचं नाव आणि वय. आजच्या भाषेत पहिला पोस्टमॉर्टेम रिपोर्ट म्हणा. आणि लक्षात घ्या, हा रिपोर्ट कंपनीने नाही, गावच्या पाद्रीने लिहिला. खाण पुन्हा सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याच खाणीत दुसरा स्फोट होऊन वीसपेक्षा जास्त माणसं गेली.

पण हॉजसनच्या लिखाणाने वातावरण तापलं होतं. १८१३ मध्ये संडरलंडला खाणीतले अपघात रोखण्यासाठी एक मंडळ उभं राहिलं. तिथल्याच विल्यम रीड क्लॅनी नावाच्या डॉक्टरने एक बंद दिवा बनवला. त्यात भात्याने हवा भरायची आणि ती पाण्यातून जायची. चालायचा, पण भाता मारायला सतत एक माणूस लागायचा. खाणीत कोण वापरणार?

शेवटी मंडळाने गाठलं हम्फ्री डेव्हीला. हा त्या काळचा सुपरस्टार रसायनशास्त्रज्ञ. सोडियम, पोटॅशियम वेगळे काढणारा. त्याची लंडनमधली व्याख्यानं ऐकायला गर्दी व्हायची. ऑगस्ट १८१५ मध्ये तो न्यूकॅसलकडे आला, हॉजसनला भेटला, वॉल्सएंड खाणीचा प्रमुख जॉन बडल याला भेटला. मग त्याला खाणीतला गॅस बाटल्यांत भरून लंडनला पाठवला गेला. प्रयोगशाळेत मदतीला एक विशीतला पोरगा होता, मायकेल फॅरेडे. हो, तोच.

डेव्हीला जे सापडलं ते इतकं साधं आहे की आज स्वयंपाकघरात करून बघता येईल. गॅस जळायला नुसती ज्योत असून भागत नाही, एका ठरावीक तापमानाच्या वर उष्णता टिकावी लागते. ज्योत बारीक छिद्रातून जायला गेली की छिद्राच्या कडेचा धातू तिची उष्णता खेचून घेतो, आणि पलीकडे जे पोहोचतं ते गॅस पेटवायला पुरेसं गरम राहत नाही. म्हणून त्याने ज्योतीभोवती तारेच्या जाळीचं नळकांडं लावलं. एका चौरस इंचाला ७८४ छिद्रं. हवा आत येते, उजेड बाहेर येतो, आग आतच राहते. बारीक चहाची गाळणी शेगडीच्या ज्योतीत आडवी धरलीत तर ज्योत जाळीखाली कापल्यासारखी थांबलेली दिसेल. (आईला विचारून करा. गाळणी काळी होते. अनुभव आहे.)

९ जानेवारी १८१६ ला हेबर्न खाणीत या जाळीच्या दिव्याची चाचणी झाली. दिवा गॅसमध्ये नेला, जाळीच्या आत निळी ज्योत भरली, बाहेर काही झालं नाही. डेव्हीने पेटंट घेतलं नाही. बडलने त्याला सांगितलं होतं की वर्षाला हजारो पाउंड सहज मिळतील. डेव्ही नको म्हणाला. याबद्दल त्याला मानायलाच हवं.

इथे एक भांडण आहे, तेही सांगतो, कारण मला त्यात डेव्ही अजिबात आवडत नाही. त्याच वेळी किलिंगवर्थच्या खाणीत इंजिनं सांभाळणारा एक माणूस स्वतःचा दिवा बनवत होता. अठराव्या वर्षापर्यंत धड वाचता न येणारा. नाव जॉर्ज स्टीफन्सन. हो, पुढचा रेल्वेवाला. २१ ऑक्टोबर १८१५ ला तो स्वतःचा दिवा हातात धरून गॅस सुटणाऱ्या भेगेपाशी चालत गेला. ही डेव्हीने रॉयल सोसायटीत निबंध वाचला त्याच्या आधीची गोष्ट. प्रयोगशाळा नाही, सिद्धांत नाही, चुकला असता तर संपला असता. डेव्हीने त्याच्यावर चोरीचा आरोप केला. न शिकलेला माणूस स्वतःच्या डोक्याने इथवर पोहोचेल हे त्याला पटेचना. डेव्हीला खाणमालकांनी मोठा समारंभ करून चांदीची भांडी दिली, स्टीफन्सनला १०० गिनी. तेव्हा त्याच्या बाजूच्या लोकांनी वर्गणी काढून त्याला १,००० पाउंड दिले. त्या भागातले कामगार त्याचाच दिवा वापरत राहिले.

असो. दिवा आला, झपाट्याने पसरला. आता मृत्यू कमी व्हायला हवेत, बरोबर?

१८३५ मध्ये ब्रिटिश संसदेची एक समिती खाणीतल्या अपघातांची चौकशी करायला बसली. तिने नॉर्थम्बरलंड आणि डरहॅम या दोन परगण्यांचे आकडे मांडले. १८१६ च्या आधीच्या १८ वर्षांत स्फोटांसारख्या अपघातांत ४४७ मृत्यू. दिवा आल्यानंतरच्या १८ वर्षांत ५३८.

मी हे वाचलं तेव्हा पहिल्यांदा वाटलं टायपिंगची चूक आहे. नाही. वाढलेत.

आता इंजिनिअर म्हणून लगेच शंका येते की डिनॉमिनेटर काय? कोळसा किती निघत होता? बरोबर आहे. त्या काळात उत्पादन खूप वाढलं होतं, माणसंही वाढली होती, त्यामुळे टनामागे मृत्यू वाढले असं यावरून म्हणता येणार नाही. समितीनेही तेच म्हटलं. पण ती तिथे थांबली नाही. जे थर गॅसमुळे इतके धोकादायक होते की त्यांना कोणी हात लावत नव्हतं, ते थर या दिव्याच्या भरवशावर उघडले गेले, असं तिने नोंदवलं. आणि दिवा आला म्हटल्यावर आधीची सावधगिरी आता लागत नाही असा समज पसरला, हेही.

हे जरा सविस्तर समजून घ्या, कारण गंमत इथेच आहे. खाणीत कोळसा काढताना मध्ये मध्ये खांब सोडतात, छत पडू नये म्हणून. मामाच्या खाणीतही हीच पद्धत होती, बोर्ड अँड पिलर. या खांबांत भरपूर कोळसा अडकून राहतो. तो काढायचा तर छत ढासळणार, आणि ढासळलेल्या जागेत गॅस साठणार. मेणबत्ती घेऊन तिथे जाणं म्हणजे आत्महत्या. दिवा आल्यावर? जाता येतं. म्हणजे ज्या कोळशावर मालकाने पाणी सोडलं होतं तो अचानक पैसा झाला.

गॅसवर खरा उपाय होता हवा. दुसरा शाफ्ट खणा, जास्त हवा खेळवा, गॅस पातळ करून बाहेर काढा. हे तेव्हाही माहीत होतं. खुद्द बडलने डेव्हीच्या आधीच खाणीत हवेचे वेगवेगळे प्रवाह करण्याची पद्धत बसवली होती. पण शाफ्ट खणायला पैसा लागतो, वर्षं जातात. दिवा काही शिलिंगांत मिळतो. मग काय निवडलं गेलं असेल?

दिव्यात त्रुटीही होत्या. खाणीतला वारा जोरात असला तर तो ज्योत जाळीतून बाहेर ढकलू शकतो. हे डेव्हीला माहीत होतं, त्याने पत्र्याचा आडोसा लावायलाही सुचवलं होतं. म्हणजे डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलं होतं, वाचलं कोणी नाही. गॅसमध्ये फार वेळ राहिला की जाळी लालभडक तापते. एक तार तुटली तरी खेळ खलास. आणि उजेड! जाळीतून मेणबत्तीपेक्षा खूपच कमी उजेड यायचा. कामगाराला पैसे मिळायचे ते किती कोळसा काढला त्यावर. उजेड कमी म्हणजे कोळसा कमी म्हणजे पगार कमी. मग तो काय करणार? जाळी काढून काम करणार. मग मालक म्हणणार, बघा, कामगारच निष्काळजी आहेत. पुढे दिव्यांना कुलपं लागली. उघडला तर दंड, तुरुंगसुद्धा. उजेड वाढवायच्या आधी कुलूप आलं.

समितीने अहवाल दिला त्याच वर्षी, १८ जून १८३५ ला, वॉल्सएंडमध्ये स्फोट झाला. बडलचीच खाण. शंभरावर माणसं मेली, त्यात बहुतेक पोरं. बडल हा डेव्हीच्या दिव्याचा सगळ्यात मोठा समर्थक, हवेच्या बाबतीत त्या भागातला सगळ्यात हुशार माणूस. त्याच्या खाणीत.

आता आपल्याकडे येतो. मी आधी जिथे होतो तिथे एकदा ऑटोमॅटिक रोलबॅक आलं. म्हणजे नवीन कोड बिघडला तर सिस्टिम आपोआप जुन्यावर जाते. आम्ही खूश. रात्रीचे फोन कमी होतील, झोप मिळेल. तीन महिन्यांत काय झालं? शुक्रवारी संध्याकाळी रिलीज व्हायला लागले. आधी कोणाची हिंमत नव्हती. टेस्टिंगचे दिवस कमी केले, 'रोलबॅक आहे ना' म्हणून. रात्रीचे फोन होते तेवढेच राहिले. फक्त दुप्पट रिलीज होऊ लागले. आमच्याकडे कोणी मेलं नाही, त्यामुळे तुलना तिथेच संपते. पण ते 'आहे ना' मला १८३५ च्या अहवालात पुन्हा भेटलं.

माझं मत सांगू? डेव्हीचा दोष नाही. दिव्याचाही नाही. दिव्याने जी सुरक्षितता निर्माण केली ती कोणी आणि कशावर खर्च करायची, हे ठरवणारा माणूस खाणीत उतरत नव्हता. सगळी खर्च झाली ती कोळशावर.

यातून बाहेर यायला यंत्र नाही, कायदा लागला. १८४२ ला बायका आणि दहा वर्षांखालच्या मुलांना खाणीत उतरवायला बंदी. १८५० ला सरकारी निरीक्षक. १८६२ च्या जानेवारीत हार्टली खाणीत पंपाच्या इंजिनाची प्रचंड तुळई तुटून खाणीच्या एकमेव शाफ्टमध्ये पडली, खाली अडकलेले आणि शाफ्टमध्ये सापडलेले मिळून २०४ जण गेले, आणि त्यानंतर दोन वाटा असल्याच पाहिजेत असा कायदा झाला. जो दुसरा शाफ्ट पन्नास वर्षांपूर्वीही गॅस बाहेर काढायला उपयोगी पडला असता, तो असा आला.

आणि दिवा? विसाव्या शतकात डोक्यावर लावायचे बॅटरीचे दिवे आले, उजेडाचं काम त्यांनी घेतलं. पण ज्योतीचा दिवा गेला नाही, कारण बॅटरीचा दिवा एक गोष्ट सांगत नाही, ती म्हणजे हवेत काय आहे. ज्योत सांगते. मामाने मला शोकेसमधला दिवा काढून दाखवलं होतं. ज्योत अगदी बारीक करायची. दिवा हळूहळू छताकडे न्यायचा, कारण मिथेन वर असतो. गॅस असेल तर पिवळ्या ज्योतीवर फिकट निळी टोपी चढते. टोपी जितकी उंच तितका गॅस जास्त. दिसली की दिवा शांतपणे खाली आणायचा, झटका द्यायचा नाही. आणि ज्योत विझायला लागली तर समजायचं की ऑक्सिजन कमी आहे, तिथून निघायचं. भारतात सरदार व्हायचं तर गॅस टेस्टिंगचं वेगळं सर्टिफिकेट लागतं, आणि निळी टोपी बघून टक्का ओळखणं हा त्याचा भाग होता. मामाने ते कोळशाच्या कंपनीत लागल्यावर तिसऱ्या वर्षी मिळवलं. फ्रेम करून लावलंय, माझ्या बीटेकच्या डिग्रीपेक्षा मोठ्या फ्रेममध्ये.

आपल्याकडेही स्फोट झालेत. २८ मे १९६५, धोरी कोलियरी, तेव्हाचं बिहार, २६८ मृत्यू. त्यावर कधीतरी वेगळा भाग करीन, दोन वाक्यांत उरकण्यासारखा तो विषय नाही.

मी मामाला ते आकडे सांगितले, ४४७ आणि ५३८. मला वाटलं त्याला आश्चर्य वाटेल. तो म्हणाला, "मंग? आम्हालेही म्हणत ना. अर्धा टक्काच हाये, चालू द्या, टार्गेट हाये." मी विचारलं, मग काय करायचास? "लिहून द्या म्हणो. रजिस्टरमध्ये लिहून सही करा, मी माणसं पाठवतो."

"मग सही करायचे?"

"एकानंही नाही केली कधी," मामा म्हणाला, आणि दिवा पुसून शोकेसमध्ये ठेवून दिला.